काउंट वर आल्यानंतर

(मनोरी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांची सारी हयात वर्गात गेली. म्हणून मी असा विषय निवडला आहे, जो इस्पितळात सुरू होतो आणि वर्गात येऊन अडतो. ज्या मुलांचे यकृत, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा बदलावी लागते, त्यांच्या मनाचे आणि बुद्धीचे पुढे काय होते, हा तो विषय. मी मुंबईतल्या मुलांच्या वॉर्डांत वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. डॉक्टर शरीर बघत. आम्ही मदतीचे अर्ज भरायचो, धर्मशाळेसाठी चिठ्ठ्या द्यायचो आणि उरलेल्या वेळात आईबापांशी, मुलांशी बोलायचो. त्या बोलण्याविषयीच मला आज सांगायचे आहे, कारण माझी आता खात्री झाली आहे की ते काम उरल्या वेळात उरकण्याचे नाही. मुलाचे मन सांभाळले गेले नाही तर बदललेला अवयवही हातचा जाऊ शकतो. तो कसा, ते पुढे सांगते.

२० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातले ते पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे. लहान वयात अंथरुणाला खिळणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. या घटनेची आठवण निघते तेव्हा डॉक्टर आणि ती मुलगी अशी दोनच माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. मला तिसरेही माणूस दिसते, तो भाऊ. त्याच्याकडे मी नंतर वळेन.

प्रत्यारोपणाच्या इतिहासात मुले अगदी पहिल्यापासून आहेत. जगातले पहिले यकृत प्रत्यारोपण थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला केले, ते तीन वर्षांच्या मुलावर. ते मूल शस्त्रक्रियेतच गेले. १९६७ मध्ये त्यांनी दीड वर्षाच्या एका मुलीचे यकृत बदलले, ती वर्षाहून अधिक काळ जगली. भारतात १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात दोन वर्षांच्या आतल्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग दिला गेला. तो मुलगा मोठा होऊन डॉक्टर झाला. 'मूल जगेल का' हा प्रश्न या पस्तीस वर्षांत बराच मागे सरला. 'कसे जगेल' हा प्रश्न आता समोर आहे आणि त्याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात मिळत नाही.

मनोरीला हा विषय लांबचा वाटू नये. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया, मुलांचे रक्तविकार आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांसाठीचे केंद्र आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्या रक्तातले लोह शरीरात साचते, ते काढायला रोज औषध लागते. या चक्रातून कायमचे सुटण्याचा आज रुळलेला मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. त्यासाठी बहुधा सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, जुळाव्या लागतात आणि त्या जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक. पैशांची अडचण असलेल्या घरांना कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. हे मी मुद्दाम सांगते, कारण अनेक घरांना ते वेळेत कळत नाही.

नकाशावर बोरिवली इथून जवळ. पण जायचे म्हणजे गोराईची खाडी बोटीने ओलांडा, पुढे रिक्षा करून पूर्वेला जा. नाहीतर मार्व्याला उतरा, बसने मालाड गाठा, लोकल पकडा. नाहीतर उत्तनवरून भाईंदरचा वळसा घ्या. ज्या मुलाच्या रक्तात पांढऱ्या पेशी नुकत्या कुठे तयार होऊ लागल्या आहेत, त्याला या गर्दीतून नेता येत नाही. म्हणून प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने इस्पितळाच्या जवळ राहा, असे सांगतात. बाप इथे होडीवर, आई मुलाला घेऊन भाड्याच्या खोलीत, धाकटे भावंड आजीकडे. एक घर तीन ठिकाणी वाटले जाते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा किती घरांना छप्पर दिले असेल! कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड्स ही संस्था मोफत निवारा देते. प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली, स्वयंपाकाची सोय आणि मुलांच्या शिकण्याचीही व्यवस्था. निवाऱ्याबरोबर शिकणे हवेच, हे तिथे कुणालातरी सुचले, याचे मला फार मोल वाटते.

आता मुलाकडे येऊ.

रडणाऱ्या मुलाला गप्प करायचा एक उपाय आपल्या घराघरांत आहे. "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील." मी तो कोळीवाड्यात ऐकला आहे, चाळीत ऐकला आहे, शिकल्यासवरल्यांच्या ब्लॉकमध्येही ऐकला आहे. बोलणाऱ्याच्या पोटात माया असते. पण चार वर्षांच्या मुलाच्या हिशेबात सुई ही शिक्षा ठरून जाते. पुढे त्याच मुलाला खरोखर आठवडेच्या आठवडे सुया टोचल्या जातात आणि ते मनाशी हिशेब जुळवते: माझ्या हातून काहीतरी घडले असणार. ज्याँ पियाजे यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हे दाखवले होते. चोरी करून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालचा पूल मोडला, तर तो चोरी केली म्हणूनच मोडला, असे लहान मुले ठामपणे सांगतात. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीला मी विचारले होते, तुला इथे का आणलंय गं? ती म्हणाली, "मी बाळाला ढकललं होतं ना." तिची आई शेजारीच बसली होती. आजाराचे नाव, खर्चाचा आकडा, रक्ताच्या बाटल्या सगळे आईला पाठ होते. लेकीच्या मनात हे चालले आहे, याची तिला कल्पना नव्हती, कारण या विषयावर घरात कुणी त्या मुलीशी बोललेच नव्हते.

"तिला काही सांगू नका हं, बाई." हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घराने ऐकवले. त्यामागची माया मी समजू शकते, पण ते मुलाच्या हिताचे नाही, असे मी स्पष्ट म्हणते. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या वॉर्डात दीर्घकाळ बसल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिले. ज्या मुलांना कुणीच काही सांगितले नव्हते, त्यांना सगळे कळलेले होते, असे त्यांना आढळले. शेजारच्या खाटेवरचे मूल दिसेनासे झाले, आई बाहेर जाऊन डोळे पुसून आली, डॉक्टर दाराबाहेर हळू बोलू लागले, यावरून मुले जोडत जातात. आणि आईबापांना दुःख होऊ नये म्हणून मुलेच काही माहीत नसल्याचे सोंग वठवतात. म्हणजे आपण मूल सांभाळतो आहोत असे समजत असतो आणि ते आजारी मूल आपल्याला सांभाळत असते.

मग सांगायचे काय? मोठ्या शब्दांची गरज नसते. पाच वर्षांच्या मुलाला मी असे सांगायची: "तुझ्या हाडांच्या आत रक्त तयार होतं. तुझ्या हाडांना चांगलं रक्त करता येत नाहीये. दादाच्या हाडांना येतं. त्याच्याकडचं थोडं बियाणं घेऊन आपण तुला देणार. तू काही चुकीचं केलंस म्हणून हे झालेलं नाही. दुखणार असेल तेव्हा दुखेल असं मी तुला आधी सांगेन, आणि दुखणार नसेल तेव्हा तसं सांगेन." यातले शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे. 'काही नाही, मुंगी चावेल' असे एकदा सांगून सुई टोचली की त्या मुलाचा पुढच्या दहा माणसांवरचा भरवसा जातो. दहा वर्षांच्या मुलाला याहून जास्त सांगावे लागते आणि चौदा वर्षांच्या मुलीला तर कागदावर चित्र काढून, औषधांची नावे घेऊन, 'केस जातील, परत येतील' इथपर्यंत. मूल होण्याच्या क्षमतेवर काही औषधांचा परिणाम होतो, हेही मोठ्या मुलींना कधीतरी सांगावेच लागते. हे काम कुणीच अंगावर घेत नाही. मग ती मुलगी ते मोबाइलवर, एकटीने, रात्री वाचते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणात मूल तीन ते सहा आठवडे वेगळ्या खोलीत असते. हवा गाळून आत येते, जवळ एकटी आई किंवा एकटा बाप, बाकीचे काचेपलीकडे. आधी तीव्र औषधे देऊन मुलाची जुनी मज्जा संपवतात, मग नवी पिशवीतून नळीने चढवतात. बघणाऱ्याला ते रक्त चढवण्यासारखेच वाटते. पुढचे दिवस नुसती वाट बघण्याचे. तोंडात फोड, गिळता येत नाही, जुलाब, ताप, आणि रोज सकाळी एकच प्रश्न: काउंट किती? न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा ५०० च्या वर सलग तीन दिवस टिकला की मज्जा रुजली असे म्हणतात. त्या दिवशी सगळा मजला आनंदात असतो, आणि तो आनंद रास्तच आहे. पण त्याच दिवशी मी अशी मुले पाहिली आहेत, जी भिंतीकडे तोंड करून पडलेली असत. आधी बडबड करणारा मुलगा खुणांनी बोलू लागलेला. अंथरूण ओले न करणारी सात वर्षांची मुलगी पुन्हा करू लागलेली. त्यांचा काउंट आला होता, ती मुले मात्र अजून परत आली नव्हती.

एकांताचे टोक जगाने ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरमध्ये पाहिले. प्रतिकारशक्तीविना जन्मलेला हा मुलगा १९७१ मध्ये जन्मल्या क्षणापासून प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढला. नासाने त्याच्यासाठी खास पोशाख बनवला, तो त्याने मोजक्या वेळाच घातला. बहिणीची मज्जा मिळाल्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, तो बारा वर्षांचा असताना गेला. शरीर वाचवायला उभारलेल्या भिंतीच्या आत मनाचे काय होते, हा प्रश्न त्या मुलाने अमेरिकेतल्या डॉक्टरांना पिढीभर विचारायला लावला.

एका बाबतीत आपली पालिका-रुग्णालये नकळत पुढे होती. इंग्लंडात एके काळी आईला आठवड्यातून ठरावीक वेळीच मुलाला भेटू देत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा माहितीपट दाखवला, वाद झाला, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ थांबू द्या असे सांगितले. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून पहिल्यापासूनच झोपत आली. परिचारिका कमी होत्या म्हणून का होईना, पण ती तिथे होती, आणि मुलाच्या मनाला त्याचा किती आधार होता हे मी पाहिले आहे. मात्र त्या आईला झोप, जेवण, आंघोळीला पाणी आणि बोलायला एखादे माणूस मिळाले पाहिजे, ही व्यवस्था आपण अजून नीट केलेली नाही.

काचेच्या खोलीत उपयोगी पडते ते फार साधे असते. भिंतीवर मोठे कॅलेंडर आणि रोज एक दिवस खोडायला रंगीत पेन. दिवसाचे ठरलेले वेळापत्रक: आंघोळ, गोष्ट, अभ्यासाचे एक पान, घरी फोन. सुई नसलेली सिरिंज घेऊन बाहुलीला 'इंजेक्शन' द्यायची मुभा. पट्टी कुठल्या रंगाची, आधी गोळी की आधी पातळ औषध, एवढ्या निवडीचा हक्क. ज्या मुलाच्या शरीरावर दिवसभर इतरांची सत्ता चालते, त्याला दोन गोष्टी तरी स्वतः ठरवता आल्या पाहिजेत.

बुद्धीविषयी बोलते, आणि इथे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे.

मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. पित्तनलिका बंद असलेले बाळ नेमके त्याच काळात आजारी असते. यकृत काम करीनासे झाले की अमोनिया रक्तात साचून मेंदूला बाधतो, स्निग्ध पदार्थ पचत नाहीत म्हणून वजन वाढत नाही. इथल्या आशाताई आणि आज्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी, मातीच्या रंगाची होऊ लागली, तर उन्हात ठेवून वाट बघू नका. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदांची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर ती लागू पडण्याची शक्यता जास्त. मूत्रपिंडाच्या आजारात युरिया साचणे, रक्त कमी होणे आणि रक्तदाब वाढणे या तिन्ही गोष्टी लक्ष देण्याच्या शक्तीवर घाला घालतात. प्रत्यारोपणानंतर ती बरीच सुधारते, हा मोठा दिलासा. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या सिकलसेल असलेल्या मुलांत मेंदूला असे लहान लहान झटके बसून जातात की हात-पाय लुळे पडत नाहीत. मूल फक्त गणितात मागे पडते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. काही कर्करोगांत मज्जा बदलण्यापूर्वी सगळ्या शरीराला किरणोत्सर्ग देतात, त्याचा मेंदूवरचा परिणाम अगदी लहान मुलांत जास्त दिसतो.

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक केंद्रांनी मिळून यकृत बदललेल्या १४४ मुलांची तपासणी केली. मुले पाच ते सात वर्षांची, प्रत्यारोपण होऊन किमान दोन वर्षे झालेली. निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. बुद्ध्यंक ७१ ते ८५ या पट्ट्यात एरवी शंभरात चौदा मुले असतात, इथे सव्वीस निघाली. म्हणजे बहुतेक मुले नेहमीसारखीच होती, हेही तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवे. पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरी नोंद. कामाची आखणी करणे, तीन पायऱ्यांची सूचना लक्षात ठेवणे, हातातले काम पुरे करणे यांतल्या अडचणी पालकांपेक्षा शिक्षकांना जास्त दिसल्या. आई घरी दप्तर भरून देते, वही उघडून देते, शब्द आठवून देते. वर्गात ते कुणी करत नाही. तिथे मूल उघडे पडते, आणि आपण त्याला 'आळशी' म्हणतो.

अशा मुलाची नीट चाचणी व्हायला हवी. भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापनाची एक प्रसिद्ध चाचणी आपल्या नागपूरला, आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये तयार केली आणि ती मराठीतही आहे. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात शिकण्याच्या अडचणींसाठी बाह्यरुग्ण विभाग चालतो. चाचणी घेणाऱ्याला मात्र मुलाचे गाव माहीत असावे. सहा महिने इस्पितळात काढलेल्या मुलाची माहिती तपासताना मैदान, सहल, बाजार यांवरचे प्रश्न त्याला अडतात, कारण त्याने ते पाहिलेलेच नसते. मनोरीचा मुलगा कागदावरच्या उदाहरणात अडखळेल आणि वाट्यावर बसून सुक्या बोंबलाचा हिशेब तोंडी करेल. त्याला काय येते हेही अहवालात लिहिले गेले पाहिजे, आणि शिकवायला तिथूनच सुरुवात करता येते.

सुरुवातीला म्हटले होते की मन सांभाळले नाही तर अवयव जातो. यकृत किंवा मूत्रपिंड बदललेल्या मुलाला टॅक्रोलिमससारखी औषधे ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. ती चुकली की शरीर नवा अवयव नाकारते. त्यातल्या काही औषधांनी हात थरथरतात, स्टिरॉइडने चेहरा गोल होतो, सायक्लोस्पोरिनने अंगावर केस वाढतात. आठवीतल्या मुलीला आरशात ते दिसते. लग्नात काढलेल्या फोटोत ती कडेला सरकते. गोळ्या चुकवण्याचे प्रमाण किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असते, अवयव गमावण्याचेही. आपण म्हणतो, बेजबाबदार आहे. एयाल शेमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये यकृत बदललेल्या मुलांविषयी जे मांडले, त्याने माझी नजर बदलली. गोळ्या टाळणाऱ्या काही मुलांना आघातानंतरचा मानसिक त्रास होता. त्यांच्यासाठी प्रत्येक गोळी म्हणजे त्या खोलीची, त्या नळ्यांची आठवण. आठवण टाळायची म्हणून ती मुले गोळी टाळत होती. त्या त्रासावर उपचार झाले तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २००५ मध्ये, अवयव बदललेल्या १०४ किशोरवयीन मुलांपैकी साधारण सहात एकाला या त्रासाची सगळी लक्षणे होती. रागावून, शपथा घालून, 'तुझ्यासाठी काय काय केलं' हे सुनावून ही लक्षणे जात नाहीत.

हे 'काय काय केलं' फार जड असते. आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. मुलाला मूत्रपिंड देणारी बहुतेक वेळा आईच. ती ते मनापासून देते. पण पुढे घरात भांडण झाले, परीक्षेत मार्क कमी पडले, की कुणीतरी बोलून जाते: आईनं पोटातलं काढून दिलं तुला, आणि तू असा वागतोस? रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वाझी या अमेरिकन अभ्यासकांनी देणगीच्या या जुलमाबद्दल लिहून ठेवले आहे: जे फेडताच येत नाही असे ऋण घेणाऱ्याला चिरडते. इथल्या काही घरांत माउंट मेरीला नवस बोललेला असतो, मेणाचे बाळ वाहिलेले असते. काहींनी एकवीरेला पायी जायचे कबूल केलेले असते. नवस फेडा, आनंदाने फेडा. पण तो मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. तो त्याने बोललेला नव्हता.

आणि तो भाऊ. मज्जा देणारे भावंड बहुतेकदा अज्ञान वयाचे असते, संमती आईबाप देतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी पॅकमन यांनी १९९० च्या दशकात अशा भावंडांचा अभ्यास केला. मज्जा दिलेल्या भावंडांत चिंता जास्त आणि स्वतःविषयीचा भरवसा कमी आढळला. न दिलेल्यांत शाळेतल्या तक्रारी जास्त. म्हणजे सुटका कुणाचीच नाही. मज्जा रुजली तर सगळे आजारी मुलाभोवती, आणि रुजली नाही तर दिलेल्याला वाटते, माझीच वाईट होती. २०२० मध्ये अहमदाबादला थॅलेसेमिया असलेल्या भावाला त्याच्यासाठीच चाचणी करून जन्माला घातलेल्या धाकट्या बहिणीची मज्जा दिली गेली. भाऊ बरा झाला याचा आनंद आहेच. ती बहीण आपल्या जन्माची गोष्ट कुणाच्या तोंडून आणि कशी ऐकेल, याची तयारी त्या घराला करावी लागेल. भावंडांना मी एकच सांगत असे: तू दिलंस हे तुझं काम झालं, पुढे रुजवणं हे तुझं काम नाही. आणि आईला सांगत असे, आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त याची ठेवा, त्या दिवशी काउंटबद्दल बोलू नका.

आता शाळेकडे. मूल सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत येते. टोपी, मास्क, सुजलेला चेहरा. वर्गात कुजबुज होते, आणि दुसऱ्या मुलांचे पालक मुख्याध्यापकांना विचारतात, 'आमच्या मुलांना लागणार तर नाही ना?' लागत नाही. उलट धोका त्या मुलाला आपल्या मुलांपासून असतो: कांजिण्या, गोवर, सर्दीचा ताप. मज्जा बदललेल्या मुलाच्या जुन्या लसी बहुधा पुसल्या जातात, त्या पुन्हा घ्याव्या लागतात. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी त्या घरी फोन गेला पाहिजे.

ते मूल यायच्या आधी शिक्षकांनी वर्गाशी बोलावे; काय सांगायचे हे त्या मुलाला विचारून ठरवावे. काही मुलांना सगळे सांगितलेले आवडते, काहींना 'आजारी होतो, आता बरा आहे' एवढेच पुरते. पहिल्या महिन्यात अर्धा दिवस पुरे. सूचना एका वेळी एकच, फळ्यावर लिहून. लिहायला जादा वेळ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असले तर परीक्षेतल्या सवलतींसाठी अर्ज करता येतो. दहावीच्या वर्षी धावाधाव करू नका, आठवीतच कागद तयार ठेवा. खेळाच्या तासाला त्याला बाकावर बसवून ठेवू नका. गुण लिहायला द्या, शिट्टी द्या, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा धावूही द्या.

समुद्राचे वेगळे सांगते, कारण इथे तो दारात आहे. प्रतिकारशक्ती कमी असताना खाडीच्या पाण्यात उतरणे, चिखलात अनवाणी जाणे, ओली मासळी साफ करताना हात कापून घेणे यांतून गंभीर संसर्ग होऊ शकतो. पहिल्या वर्षी हे बंद ठेवावे लागते आणि नीट शिजलेलेच खावे लागते. कोळ्याच्या पोराला पाण्यापासून दूर ठेवणे म्हणजे त्याच्या मित्रांपासूनही दूर ठेवणे. त्याला धक्क्यावर बसू द्या, जाळी ओवायला द्या, होडी परत आली की हिशेबाची वही त्याच्या हातात द्या. वर्ष सरले की डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कधी उतरू? अनेक घरे विचारतच नाहीत आणि मूल पंधरा वर्षांचे झाले तरी किनाऱ्यावरच बसलेले असते.

शेवटी शिक्षकांना एक काम देते. शाळेत असे मूल असेल तर त्याच्या इस्पितळाचा फोन नंबर, औषधांच्या वेळा आणि तापाचा नियम एका कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. शंभराच्या वर ताप गेला तर शाळा सुटेपर्यंत थांबायचे नाही, क्रोसिन देऊन बसवायचे नाही, लगेच फोन करायचा. पुढच्या बोटीला वेळ असेल तर गाडीने उत्तनवरून निघायचे; कुणाची गाडी, हेही त्या कागदावर आधीच लिहिलेले असावे. आणि तो कागद त्या मुलालाही वाचून दाखवावा. आता कुणाला काही विचारायचे असेल तर मी थांबते. पालकांपैकी ज्यांना सगळ्यांसमोर बोलायचे नसेल त्यांनी नंतर इथेच भेटावे.